बॉयलरखोलीमागच्या घंट्या

घडीकाकू गेली.

वारली नाही. निघून गेली. सोमवारी सकाळी मी लाँड्रीत पोचले तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला कोणी नव्हतं. इस्त्री झालेल्या चादरींचा ढीग होता, तिचं स्टूल होतं, स्टुलावरची बसून बसून चपटी झालेली उशी होती. बॉयलरवाला दारात चहा पीत उभा होता. मला पाहिलं की तो एखादा टोमणा मारल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी नुसता म्हणाला, "कादंबरी, आज तुझ्यासमोर कोणी नाही."

"रजेवर आहे?"

"सुटली ती. शनिवारी राजीनामा देऊन गेली."

शनिवारी दिवसभर मी तिच्याच समोर उभी होते. चादरीचे चारही कोपरे आमच्या चार हातांत होते. त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती.

तसं पाहिलं तर फार आधी बोलली होती. मी ते बोलण्यापुरतं बोलणं समजले होते.

आमची लाँड्री हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला आहे, अर्धी जमिनीत गेलेली. खिडक्यांतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. एका दाराने मळके कपडे ढकलगाडीतून येतात, दुसऱ्या दाराने पांढरे होऊन जातात. मध्ये धुण्याची यंत्रं, सुकवण्याचं यंत्र आणि इस्त्रीचा मोठा गरम रूळ. रुळातून बाहेर पडलेली चादर आमच्या टेबलाशी येते. ही घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, चादर एकदा झटकायची, उभी दुमडायची, मग एकमेकींकडे चालत जायचं, आपले कोपरे समोरच्या बाईच्या हातात द्यायचे, खाली लोंबणारी दुमड उचलायची आणि मागे सरकायचं. त्यामुळे तिथलं सगळं बोलणं तुकड्यातुकड्यांनी होतं. जवळ आलं की एक वाक्य. लांब गेलं की गप्प. उत्तर पुढच्या फेरीला.

पहिल्या दिवशी मी तिला 'तुम्ही' म्हटलं. जवळ आल्यावर ती म्हणाली, "एका चादरीला धरून तुम्ही-आम्ही कसलं गं? तू म्हण." मागे गेली. पुन्हा आली. "शिकलीस काय?"

"साहित्य."

मागे. पुढे. "म्हणजे गोष्टी?"

"हो."

"मग इथे काय करतेस?"

माझा कोपरा खाली लोंबला.

"कोपरा नीट धर," ती म्हणाली. बॉयलरवाला हे ऐकत होता. त्या दिवसापासून त्याने मला कादंबरी करून टाकलं.

तिला घडीकाकू का म्हणतात हे विचारावं लागलं नाही. तिच्या हातात आलेल्या कुठल्याही वस्तूची घडी व्हायची. बसचं तिकीट, पिशवी, चॉकलेटचा कागद. राग आला तरी ती तो नीट दुमडून कुठेतरी ठेवून द्यायची. ठेवलेला कधी काढताना मी पाहिला नाही. लग्न होऊन आली तेव्हा नवरा हॉस्पिटलच्या गाडीवर ड्रायव्हर होता आणि त्याची थोरली बहीण इथे लाँड्रीत होती. त्या नणंदेनेच हिला कामाला लावलं आणि चादरीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं. ती तिला 'वन्सं' म्हणायची. मग लाँड्रीतल्या सगळ्या बायका वन्सं म्हणायला लागल्या. मग बॉयलरवालाही. "तुझ्या कोण लागतात रे त्या?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाला, "सगळ्या हॉस्पिटलच्या नणंद आहेत. डॉक्टर पण घाबरतात."

वन्संनी लग्न केलं नव्हतं. भावाच्याच घरी राहायच्या. सकाळी दोघी एका दाराने बाहेर पडायच्या, दिवसभर एका चादरीला धरून उभ्या राहायच्या आणि संध्याकाळी एका दाराने आत जायच्या. पुढे घडीकाकूचा नवरा गेला. भाऊ गेला, बहीण राहिली. मूलबाळ नव्हतं. धाकटा दीर दुसऱ्या गावी. दोघीच.

मळक्या कपड्यांतून काय काय येतं ते सांगून खरं वाटणार नाही. चष्मे, कवळ्या, चमचे, एकदा एकच बूट. आणि एकदा, मी इथे यायच्या कितीतरी आधी, ब्लँकेटात गुंडाळलेली एक कुंडी आली. वॉर्डावॉर्डात विचारलं. कोणी आपली म्हणालं नाही. कुंडीत बुटकं झाड होतं. पानं पंजासारखी, कडेने कातरलेली, रंग उकडलेल्या बीटसारखा. उलटं केलं की खालून गुलाबी. मातीत खोचलेल्या पट्टीवर 'कोरल बेल्स' असं छापलेलं होतं. वन्संनी ती कुंडी ठेवून घेतली. बॉयलरखोलीच्या मागे मातीची एक अरुंद पट्टी आहे. तिथे सकाळी थोडं ऊन येतं, मग दिवसभर सावली. झाड तिथे लावलं आणि त्याला ती जागा मानवली. उन्हाळा सुरू झाला की पानांतून तारेसारख्या बारीक काड्या वर यायच्या आणि काड्यांना तांदळाच्या दाण्याएवढ्या लाल घंट्या लागायच्या. कोरल बेल्स कोण म्हणणार? सगळे 'घंट्या' म्हणायचे.

वन्सं त्या झाडाचं नेमकं काय काय करायच्या ते कोणी पाहिलं नाही. एकाचे चार झाले, चाराची रांग झाली, एवढंच सगळ्यांना दिसलं. जेवणाच्या सुट्टीत त्या पटकन चार घास खाऊन बाहेर जायच्या आणि उकिडव्या बसायच्या. घडीकाकू आत, खिडकीकडे पाठ करून, एकटी डबा संपवायची.

गेल्या वर्षी पानगळ सुरू झाली तेव्हा एक चादर झटकताना वन्संच्या उजव्या हातातला कोपरा सुटला. घडीकाकूला थट्टा वाटली. "वन्सं, झोप लागली का?" असं ती म्हणाली म्हणे. मग डाव्या हातातलाही सुटला.

त्यांच्या जागी मला घेतलं.

वन्सं वाचल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. चार शब्द उरले: पाणी, नाही, जा आणि झाडं. पाचवा 'गाढव'. तो त्या कोणालाही म्हणायच्या, तपासायला आलेल्या डॉक्टरलासुद्धा. घडीकाकू सकाळी उठून त्यांना स्वच्छ करायची, कूस बदलायची, मऊ केलेला घास भरवायची, मग कामावर यायची. शेजारची म्हातारी दुपारी डोकावून जायची. संध्याकाळी परत तेच सगळं, उलट्या क्रमाने. ती दमलेली आहे असं म्हणणं म्हणजे बॉयलर गरम आहे असं म्हणणं. चादरीची दुमड हनुवटीखाली धरून ती उभ्या उभ्या झोपायची. मी जवळ जाऊन कोपरे तिच्या हातात दिले की जागी व्हायची आणि विचारायची, "कुठवर आलो?"

एकदा म्हणाली, "काल दात घासता घासता झोपले. ब्रश तोंडात. सकाळी उठून तिथूनच पुढे घासले."

आणि रोज घरात पाऊल टाकलं की वन्संचा पहिला शब्द: "झाडं?"

"छान आहेत," घडीकाकू सांगायची.

थंडी पडली. पहाटे मातीवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर दिसायला लागला. थंडीने माती फुगते आणि झाडं थोडी वर ढकलली जातात. घडीकाकू सुट्टीत बघायला गेली तर घंट्यांचे गड्डे जमिनीच्या वर आलेले, खाली जाड खोड उघडं पडलेलं. ती जन्मभर आजारी माणसांची पांघरुणं धुणारी, दुमडणारी बाई. उघडं पडलेलं तिला बघवलं नाही. तिने सगळ्या रांगेला गळ्यापर्यंत माती ओढली, त्यावर ओला पाला, आणि त्यावर फाटक्या ब्लँकेटचे तुकडे घातले. वॉर्डातल्या गादीला खोचतात तसे चारही कोपरे नीट आत खोचले. मी मदत केली. दिसायला फार छान दिसत होतं. बॉयलरवाल्याने तर कमाल केली. "एवढ्या थंडीत झाडाला गार पाणी कसं घालायचं?" असं म्हणून त्याने बॉयलरच्या नळाचं कोमट पाणी रोज घातलं.

थंडी ओसरल्यावर ब्लँकेट काढलं. आधी वास आला. मग घडीकाकूने एका झाडाला हात लावला आणि झाड हातात आलं. ओढलंही नव्हतं. गड्डा काळा, बुळबुळीत. दुसरं तसंच. तिसरं तसंच. रांगेच्या टोकाला ब्लँकेट पुरलं नव्हतं. तिथलं एक, सगळ्यात जुनं, अर्धं जिवंत होतं. वाकडं, खोड वर आलेलं, एका अंगाला चार पानं.

तिने बुळबुळीत हात ब्लँकेटला पुसला. मग म्हणाली, "लाडाने मारली गं."

"काय करायचं ते कोणाला तरी विचारू या."

"कोणाला? ज्यांना माहीत आहे त्यांनाच तर सांगायचं नाहीये."

दिवस कलला. संपत आलेल्या ढिगातली एक चादर घेऊन आम्ही एकमेकींकडे आलो तेव्हा म्हणाली, "हे एक झाड त्यांच्या हातात नीट दिलं की मी सुटले."

"कशातून?"

ती मागे गेली. दुमड उचलून परत आली. "सगळ्यातून."

मी हसले. असं सगळेच म्हणतात. पाहुणे गेले की सुटलो, परीक्षा झाली की सुटलो.

"मला तर त्या घंट्या कधी आवडल्याच नाहीत," ती म्हणाली आणि लांब गेली. मी थांबले. ती परत आली. "इतकी वर्षं त्या सुट्टीत तिकडे, मी इकडे. घरी बोलायला ह्यांच्यामुळे वेळ नाही, इथे बोलायला चादरीमुळे वेळ नाही. एक सुट्टी होती. ती त्या झाडाला." परत लांब. परत जवळ. "आणि आता मरायचं तर माझ्याच हातून मरायचं त्याला."

वन्संना नुसत्या 'छान आहेत'वर समाधान वाटेना. त्या हात पुढे करायच्या. म्हणून घडीकाकू रोज त्या झाडाचं एक पान न्यायला लागली. वन्सं ते डाव्या तळहातावर ठेवून झोपी जायच्या. पण चार पानांचं झाड किती दिवस पुरणार? दोन पानं राहिली तेव्हा तिची बोटं तिथे जाईनात.

कोपऱ्यावरच्या बँकेच्या दारात मोठ्या कुंड्या आहेत. त्यांत ह्याच जातीची झाडं आहेत, पण रंग वेगळा. मातकट, नारिंगीकडे झुकणारा. त्या संध्याकाळी मी तिच्याबरोबर घरी चालले होते, वन्संची गादी पालटायला दोघी लागतात म्हणून. ती बँकेपाशी थांबली, इकडेतिकडे पाहिलं आणि वाकली.

"ओ बाई!" वॉचमन ओरडला. "काय चाललंय?"

"पान बघतेय."

"बघायला तोडावं लागतं?"

"तुमच्या तिजोरीतलं तर काही नेत नाही ना?"

"उद्या सगळेच एकेक पान न्यायला लागले तर?"

"सगळ्यांच्या घरी माझ्या वन्संसारखी नणंद आहे का?"

वॉचमनने तिच्याकडे नीट पाहिलं. "नणंद होय," तो म्हणाला आणि रस्त्याकडे तोंड केलं. "घ्या लवकर. वर कॅमेरा आहे."

वन्संची खाट खिडकीशी होती. त्या खिडकीला कधी थेट ऊन येत नाही. मी त्यांना आधी एकदाच पाहिलं होतं. उंच, रुंद हाडांची बाई, आता खाटेत तिरकी पडलेली, पण डोळे जागच्या जागी.

"झाडं?"

"छान आहेत," घडीकाकूने पान दिलं.

वन्संनी पान पाहिलं. अंगठ्याने उलटं केलं. खालून ते गुलाबी नव्हतं.

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"अहो वन्सं, कोवळं आहे. रंग यायचाय अजून."

"नाही."

घडीकाकू खाटेच्या कडेला बसायला गेली आणि खाली जमिनीवरच बसली. मला वाटलं चक्कर आली. पण ती बोलायला लागली. ब्लँकेट, पाला, कोमट पाणी, वास. सगळं. बँक पण सांगितली. "थंडी होती हो. उघडी पडली होती. मी पांघरूण घातलं."

वन्संच्या तोंडातून एक आवाज आला. मी घाबरले. त्या हसत होत्या. अर्धं तोंड हलत नव्हतं, उरलेलं अर्धं हसत होतं, आणि डोळ्यांतून पाणी. "गाढव," त्या म्हणाल्या. मग त्यांनी डाव्या हाताने घडीकाकूचं बोट पकडलं आणि जोरात ओढलं. एकदा, दोनदा. आम्हाला कळेना.

"आण," वन्सं म्हणाल्या.

हा शब्द त्यांच्या तोंडून आजारानंतर कोणी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी बॉयलरवाल्याने फावडं आणलं. "मला फाशी द्या," तो म्हणत होता. "रोज घालत होतो पाणी. हात लावून बघायचो, गरम जास्त नाही ना." आम्ही झाड मातीसकट उचललं, बाद झालेल्या चादरीत ठेवलं आणि कोपरे धरून दोघींनी रस्त्याने नेलं. लोक बघत होते. घडीकाकू मागून म्हणाली, "सावकाश. पेशंट आहे."

चादर वन्संच्या मांडीवर पसरली. झाडाची माती झटकल्यावर मला त्याचं खरं रूप दिसलं. खालचं खोड लाकूड झालेलं, म्हाताऱ्या बोटासारखं वळलेलं, मध्यावर काळं पडलेलं. वन्संनी नखाने खरवडलं. काळ्याच्या बाजूला, खोडाच्या कडेने, टाचणीच्या डोक्याएवढे लाल कोंब होते. मला ते दाखवल्याशिवाय दिसले नसते. वन्संनी एका कोंबाखाली बोट घातलं आणि खोडाचं ते अंग डाव्या मुठीत धरलं. दुसरं अंग घडीकाकूकडे केलं.

"मी ओढू?" घडीकाकूने विचारलं. "तुटेल ना."

वन्संनी मान हलवली. तुटायलाच हवं होतं.

तिने ओढलं. वन्संची मूठ सुटली. परत धरलं. परत सुटली. तिसऱ्यांदा घडीकाकू कपाळावरचा घाम मनगटाने पुसत ओरडली, "अगं, घट्ट धर ना!"

लग्न होऊन आल्यापासून तिने वन्संना कधी 'अगं' म्हटलं नव्हतं. तिचं तिलाच कळलं आणि तिने जीभ चावली. वन्संच्या अर्ध्या तोंडावर ते हसू परत आलं. त्यांनी मूठ घट्ट केली. कट्‌ असा आवाज झाला आणि झाड दोन झालं. मग मोठ्या तुकड्याचे आणखी दोन. प्रत्येकाला एक कोंब आणि दोऱ्यासारखी मुळं. मधलं काळं लाकूड वन्संनी बादलीत टाकलं, मागे न बघता.

मातीत अर्धी वाळू घातली होती. तीन कुंड्यांत तीन तुकडे बसवले. वन्संनी अंगठ्याने दाबून दाखवलं: कोंब मातीच्या बरोबरीला, वर नाही, खाली नाही. घडीकाकूचा हात आपसूक पुढे गेला आणि माती कोंबावर ओढायला लागला. वन्संनी त्या हातावर चापटी मारली.

"सवय हो," घडीकाकू म्हणाली.

मी कुंड्या खिडकीत ठेवल्या. घडीकाकू तशीच उभी होती, मातीचे हात अंगापासून लांब धरून. दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा राखेसारखा दिसत होता. वन्सं तिच्याकडे बघत होत्या.

"जा," वन्सं म्हणाल्या.

"जाते हो. हात धुते आणि तुमचं जेवण बघते."

"नाही," वन्सं म्हणाल्या. "जा."

घडीकाकू दारात थबकली. खिडकीतल्या कुंड्यांकडे बघून एवढंच म्हणाली, "लागू दे आधी."

मला वाटलं, झाडाबद्दल बोलताहेत.

मग वाट बघणं सुरू झालं. मी रोज विचारायचे. चादर जवळ आली की, "पान?" ती मान हलवायची. पाणी थोडंच, सकाळी, कडेकडेने, पानांवर नाही. असलेली दोन पानंही मरगळली. एका सकाळी ती म्हणाली, "काळी पडणार बहुतेक." त्या दिवशी चादरींच्या कडा जुळल्या नाहीत. तिच्या आयुष्यात हे पहिल्यांदा झालं असेल. मी परत घडी घालू या म्हटलं तर म्हणाली, "राहू दे. पेशंट काय, कोपरे मोजतो का?"

आणि मग एकदा, पहिल्याच चादरीला, ती माझ्याकडे चालत आली आणि म्हणाली, "आलं."

"कुठे?"

"तिन्हींना. नखाएवढं. घडी घातलेलं असतं गं पान आधी. मला माहीतच नव्हतं."

मी ओरडलेच. बॉयलरवाला धावत आला. त्याने टाळ्या वाजवल्या. घडीकाकू आमच्याकडे बघत होती, ओझं खाली ठेवल्यावर माणूस हाताकडे बघतं तशी. हात अजून वाकलेलाच असतो.

तिने त्याच आठवड्यात धाकट्या दिराला फोन केला असणार. टेबलाशी ती नव्हती त्या सोमवारी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले तेव्हा दार धाकट्या जावेने उघडलं. केस सुटलेले, पदर खोचलेला, हातात वाटी.

"ती नाही इथे," ती म्हणाली. "बहिणीकडे गेली. लांब आहे. आम्ही आलोय."

"किती दिवसांसाठी?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाली, मी कधी विचारलं नव्हतं, तुम्हीही विचारू नका." ती दारातच बसकण मारून बसली. "सकाळपासून तीनदा चादर बदलली. ही बाई हे नोकरी करून कशी करत होती?"

मी आत गेले. खिडकीत दोनच कुंड्या होत्या. शेजारी ओल्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"ते तिचं," जाऊ मागून म्हणाली. "वन्संनी तिला दिलं. कुंडीतून काढलं, एका हाताने गुंडाळलं, मला गाठसुद्धा मारू दिली नाही. तिने पिशवीत घातलं, दारापर्यंत गेली. परत आली, खिडकीत ठेवलं, वन्संच्या पायाला हात लावला आणि गेली."

वन्सं माझ्याकडे बघत होत्या. रडल्या होत्या की नाही ते कळत नव्हतं. एका डोळ्यातून त्यांच्या नेहमीच पाणी येतं.

"झाडं?" मीच विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

त्यांनी कुंड्यांकडे हात केला. मग गुंडाळीकडे. मग माझ्याकडे. "ने," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी बॉयलरखोलीमागे गेले. पट्टी रिकामी होती, नुसती ओली माती. मी वाळू कालवली, खड्डा केला आणि फोन लावला. खूप वेळ वाजला.

"कोण गं?" आवाज जड होता.

"झोपली होतीस?"

"हो. दुपारची." तिचं तिलाच नवल वाटत असावं. "बहीण काही करूच देत नाही. मी पण करत नाही."

"काकू, तुझं झाड राहिलं."

"राहिलं नाही. ठेवलं."

"वन्संनी दिलं होतं."

"माहीत आहे मला. दारापर्यंत नेलं. मग वाटलं, हे नेलं की उद्या सकाळी उठून कोणाला तरी पाणी. नको वाटलं गं." ती थांबली. "रागावल्या का?"

"जेवल्या. तुझ्या जावेला गाढव म्हणाल्या."

ती हसली. मग हसण्यातूनच जांभई आली. "मग बऱ्या आहेत."

मला खूप काही विचारायचं होतं. मला का नाही सांगितलंस, परत येशील का, समोर आता कोणाला उभं करतील. "मी लावतेय ते झाड," मी म्हटलं. "इथेच. नीट लागेल ना?"

"पांघरूण घालू नकोस," ती म्हणाली.

"नाही घालत. काकू, तू परत…"

उत्तर आलं नाही. फोन बंद पडला असं वाटलं. मी कान घट्ट लावला. तिकडे श्वास ऐकू येत होता, सावकाश, एकसारखा. ती झोपली होती.

मी फोन बंद केला नाही. भिंतीच्या कडेला ठेवला आणि दोन्ही हातांनी झाड खड्ड्यात बसवलं. कोंब मातीच्या बरोबरीला. वर नाही, खाली नाही. माझाही हात माती ओढायला पुढे गेला. मी तो मागे घेतला.

बॉयलरवाला बादली घेऊन आला आणि थोडा लांबच उभा राहिला.

"घालू?" त्याने विचारलं.

"गार आहे ना?"

त्याने बादलीत हात बुडवून पाहिलं.

"गार आहे," तो म्हणाला.